काय खाणार?

संसारात दोन प्रश्न असे आहेत, की त्यांचे उत्तर एका दमात देणारा सुज्ञ माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. पहिला, “आज भाजी कोणती करू?” आणि दुसरा, “आता जेवायला कुठे जायचं?” पहिल्या प्रश्नाला निदान मंडईची मर्यादा असते. दुसऱ्याला तीही नसते. त्यातून रात्रीचे आठ वाजलेले असावेत, गाव परके असावे, आणि बरोबर आठ वर्षांची कन्या, पाच वर्षांचे चिरंजीव, सत्तरी ओलांडलेली आई आणि हॉटेलात शिरताच आधी मोरी पाहणारी सौभाग्यवती असावी, म्हणजे भल्याभल्यांची मती गुंग होते. मी तर साधा मराठीचा प्राध्यापक.

हा प्रसंग गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतला. मुलांना ‘पार्क’ पाहायचा होता. आम्हां नंदुरबारकरांना ही मागणी पुरवणे सोपे नाही. खोपोलीचे इमॅजिका 2013 साली सुरू झाले खरे, पण तिथे पोचेपर्यंत मुले मोठी व्हायची! आमच्या पिढीने कॉलेजच्या सहलीत पाहिलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 साली उघडले आणि 2022 साली बंदही झाले. तेव्हा उरले शेजारच्या गुजरातेतले एकतानगर, म्हणजे पूर्वीचे केवडिया. तळोदा, अक्कलकुवा, खापर, मग हद्द ओलांडून सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा, की आलेच. सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा तिथे 2018 सालापासून उभा आहे. तो घडवणारे राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. त्यामुळे पुतळ्याखाली उभे राहून मी मुलांना “हे आपल्या खानदेशच्या माणसानं केलंय बरं का,” असे अशा काही ऐटीत सांगितले, की जणू छिन्नी मीच धरली होती. चिरंजीवांनी मान वर करून विचारले, “बाबा, यांना जेवायला किती लागत असेल?”

प्रश्न स्थळाला शोभणाराच होता. कारण त्या गावात लहान मुलांसाठी एक आख्खे उद्यान जेवणाखाण्यावर बेतलेले आहे. 2020 साली उघडलेल्या या पोषण उद्यानात एक छोटी आगगाडी धावते आणि तिच्या स्टेशनांची नावे आहेत फलशाकगृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण आणि स्वस्थ भारतम्. फळभाज्यांच्या स्टेशनावर चिरंजीवांनी यापुढे कारलेसुद्धा खाईन असे कबूल केले. पयोनगरीत दोन वेळा दूध पिण्याची शपथ घेतली. सौ.च्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. गाडीतून उतरून आरशांच्या भुलभुलैयात शिरेपर्यंत ती शपथ टिकली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “आई, वेफर्स.”

संध्याकाळी पुतळ्यावर दिव्यांचा खेळ झाला. तो संपला आणि आमचा खेळ सुरू झाला.

असे म्हणतात की वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना बागेत घेऊन जात. मुली चक्रात बसत आणि हे गृहस्थ बाकावर शेंगदाणे खात बसत. मुलांबरोबर आईबापांनाही रमता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्या बाकावर सुचला आणि 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभे राहिले. पुढे 1967 साली त्याच बागेत एक असे उपाहारगृह निघाले, की तिथे भर दुपारी आत शिरले तरी वर अंधारलेले आकाश असते आणि शेजारून समुद्री चाच्यांच्या सफरीच्या नावा जातात. म्हणजे जेवण हाही देखावाच झाला. तेव्हापासून जगभरच्या बापांपुढे पेच आहे, की मुलांना जेवू घालायचे की देखावा दाखवायचा? शेंगदाणे खाणाऱ्या त्या गृहस्थाने आपणा सगळ्यांना या भानगडीत पाडले.

आमच्या घरची समिती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आई म्हणाली, “कुठंही चला, मला वरणभात मिळाला म्हणजे झालं.” सौ. म्हणाली, “स्वच्छ हवं.” कन्या म्हणाली, “जिथे लाइटिंग आहे तिथे.” चिरंजीव म्हणाले, “जिथे घसरगुंडी आहे तिथे.” मी काहीच म्हणालो नाही, कारण माझी अट दरपत्रकाशी निगडित होती, आणि अशा अटी चारचौघांत बोलायच्या नसतात.

बहुमताने दिव्यांची बाजू जिंकली. आम्ही शिरलो त्या हॉटेलात ‘खेडेगाव’ उभे केले होते. दारात बैलगाडी, खांबांना कंदील, भिंतीवर गेरूच्या रंगात नाचणारी माणसे, तिरकमठे, ढोल. वाढप्यांच्या डोक्याला फेटे. “पाऊण तास थांबावं लागेल,” त्यांतला एक म्हणाला. मुले बैलगाडीत चढली, उतरली, पुन्हा चढली. पाऊण तासाचा तास झाला. जागा मिळाली तेव्हा हातात आलेल्या जाड कार्डात खेडेगावात खातात असा एकही पदार्थ नव्हता. नूडल्स होत्या. सौ.ने विचारले, “फार तिखट नाही ना?” “आपण कुठल्या?” “नंदुरबारच्या.” त्याने फेट्यासकट मान मागे टाकली आणि हसून म्हणाला, “मिरचीच्या बाजारगावची माणसं, आणि हे विचारता!” आमच्या गावाची मिरची कुठवर पोचली आहे याचा अभिमान वाटायला हवा होता, पण तेवढ्यात मी दर पाहिले. शिवाय जेवण यायला अजून अर्धा तास होता. चिरंजीवांनी टेबलावर डोके ठेवले. आई पाण्याचा तिसरा पेला पीत होती. आम्ही उठलो.

दुसऱ्या ठिकाणी घसरगुंडी होती. तिथे दहा दुकाने एका छपराखाली, आणि प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग. मी एका रांगेत, सौ. दुसऱ्या रांगेत, आजी नातवंडांजवळ. चिरंजीव घसरगुंडीवरून खाली आले आणि तिथेच, खाली बसून, भोकाड पसरले. काय झाले, काय हवे, काही सांगता येईना. सौ. रांग सोडून धावली. “काय खाणार बाळा? पिझ्झा? डोसा? भात? अरे, सांग तरी काय खाणार!” प्रत्येक नावाला रडे एक पट्टी वर चढत होते. आजूबाजूची माणसे पाहू लागली. कन्येने मला सांगितले, “बाबा, आता तो काहीही म्हटलं तरी रडणार.”

एक गोष्ट आतापर्यंत मी लपवून ठेवली आहे. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी सुट्टीत त्याच गावी होता. “सर, आलात तर फोन करा,” असे त्याने दोनदा बजावले होते. पण विद्यार्थ्याला फोन करून ‘आम्ही उपाशी आहोत’ हे सांगायचे कसे? अठरा वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला ते जड जाते. त्या रडण्याने माझा ताठा मोडला. मी फोन लावला. कोणते हॉटेल बरे, असे विचारणार होतो. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत त्याने विचारले, “सर, मुलं जेवली का?”

पंधरा मिनिटांत आम्ही मुख्य रस्त्यापासून बाजूला, एका पत्र्याच्या छपराखाली होतो. दोन बाके, एक चूल, कडेला पाण्याचा माठ. ही त्याच्या आत्याची खाणावळ. सौ.ने शिरताच मोरी पाहिली आणि मान हलवली. ही मान कुठल्या अर्थाने हलली ते ओळखायला मला बारा वर्षे लागली आहेत. ती पसंतीची होती.

कार्ड नव्हते. मक्याची भाकरी, उडदाची डाळ, भात आणि मिरचीचा ठेचा. आत्याने चिरंजीवांना काय खाणार म्हणून विचारलेच नाही. त्यांचे हात धुतले, चुलीजवळ पाटावर बसवले आणि पिठाचा लहान गोळा हातावर ठेवला. रडे थांबले. तळहाताएवढी, तीन कोपऱ्यांची एक भाकरी तयार झाली. ती तव्यावर फुगली तेव्हा त्यांनी आमच्याकडे असे पाहिले, की पुतळ्याखाली मीही तसा उभा नसेन. मग ती भाकरी डाळीत कुस्करून संपली, आणि वर आत्याच्या हातची अर्धीही. आईला तिचा वरणभात मिळाला.

मी मास्तरच. जेवता जेवता विचारले, “गाव कोणतं तुमचं?” तिने हातातल्या उलथन्याने अंधाराकडे, धरणाच्या दिशेला, बोट केल्यासारखे केले. भाच्याने सांगितले, “तिकडे, पाण्यात.” सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे आली, सगळी आमच्याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हे मी वर्गात सांगितलेले आहे. पण त्या गावची बाई समोर बसून भाकरी थापते आहे, हे प्रथमच घडत होते. पुनर्वसनात तिच्या सासरचे गुजरातेत आले, भावाचे तळोद्याला गेले. एका घराची दोन राज्ये झाली.

चिरंजीवांचे पोट भरले होते, म्हणून डोके चालू लागले. “मग तिथली मुलं जेवायला कुठे जायची?”

आत्या हसली. तिची बोली भाच्याने आम्हाला मराठीत सांगितली. “मुलांना जेवायला जावं लागत नसे. खेळता खेळता ज्या घरापाशी वेळ होईल, त्या घरी जेवत. काय खाणार, असं आमच्यात कोणी विचारत नाही. जेवलास का, एवढंच विचारतात.”

मला हे फार आवडले. मी काहीतरी सुंदर बोलणार, एवढ्यात भाचा हळूच म्हणाला, “पण सर, विचारलं म्हणजे दर वेळी घरात असायचंच, असं नाही. पावसाळ्यात कणग्या रिकाम्या व्हायच्या. म्हणूनच तर विचारायचे.”

माझे सुंदर वाक्य घशातच राहिले. आमच्या जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे, असे 2019–21च्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे देण्याची सोय आहे. हे सगळे मला ठाऊक होते. पाच स्टेशनांच्या गाडीत बसून माझा मुलगा दुपारी दूध पिण्याची शपथ घेत होता, आणि डोंगरापलीकडे त्याच्याच वयाच्या मुलांपुढे ‘काय खाणार’ हा प्रश्न कधी येतच नाही, ही दोन्ही चित्रे मात्र माझ्या डोक्यात तोवर एकत्र आली नव्हती.

पैसे देताना आत्याने हिशेब चोख सांगितला; एक रुपया कमी नाही, जास्त नाही. फक्त लहान भाकरीचे घेतले नाहीत. “ती त्यानं स्वतः केली,” ती म्हणाली.

परत आल्यापासून चिरंजीवांनी तो प्रश्न उचलला आहे. दूधवाला, टपालवाला, कर्जाच्या हप्त्याची आठवण करायला आलेला बँकेचा माणूस, दारात येईल त्याला ते विचारतात, “जेवलास का?” आई खूश आहे. कारण ती आयुष्यभर अहिराणीत हेच विचारत आली, “जेवना का रे?” आणि आम्ही शिकलेले लोक “हो, हो” म्हणत पुढे जात होतो. अडचण एवढीच, की लहान मुलाने विचारले म्हणजे माणसे खरे सांगतात. बँकेचा माणूस “नाही रे,” म्हणाला आणि चहापोहे घेऊन गेला. हप्ता मात्र त्याने सोडला नाही.

दिवाळीनंतर कॉलेज उघडले. माझा पहिला तास सकाळी साडेसातचा. मुले तळोद्याहून, धानोऱ्याहून, नवापूरकडून पहाटेच्या एसटीने येतात. अठरा वर्षे मी वर्गात शिरताच विचारतो, “वाचून आलात का?” त्या दिवशी तोंडातून निघून गेले, “जेवून आलात का?” वर्ग हसला. मग हसू ओसरले. तिसऱ्या बाकावर आत्याचा भाचा बसला होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हात वर केला नाही. त्याच्यामागून आणखी बऱ्याच जणांचे हात बाकावरच राहिले. काही वर्षांपासून पहिल्या तासाला पेंगणारी जी मुले मला कवितेची वैरी वाटत होती, त्यांतली बहुतेक त्यांत होती.

आता पहिला तास दहा मिनिटे लवकर सुटतो. डबे उघडतात, ज्यांचे आहेत त्यांचे, आणि ज्यांचे नाहीत त्यांच्याही पुढे. सौ. रोज चार भाकऱ्या जास्त देते. कुणाला काय खाणार म्हणून विचारत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठल्या बागेला जाणार असाल, तर अनुभवाचे बोल ऐका. दिव्यांचे हॉटेल निवडा की पत्र्याचे, ते तुमच्या खिशाने ठरवावे. पण सातच्या आत जेवा, आणि मुलाला पदार्थांची यादी ऐकवू नका. घड्याळाकडे पाहून त्याला एकच विचारा. आणि जमले तर तोच प्रश्न वाढप्यालाही विचारा. खेडेगावच्या त्या हॉटेलात फेटा बांधलेल्या पोराला तो विचारायचे माझे मात्र राहून गेले.