तिळगुळाची डबी आणि भोपळ्याची बादली

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक छोटंसं महायुद्ध झालं. सी विंगमधल्या एका उत्साही आईनं मेसेज टाकला: ३१ तारखेला संध्याकाळी ६ ते ८ मुलांचं हॅलोवीन, ज्यांना चॉकलेटं द्यायची आहेत त्यांनी शीटमध्ये फ्लॅट नंबर लिहा, दारावर भोपळ्याचं स्टिकर लावायला मिळेल. मुलं भुतं-चेटकिणी होऊन येतील आणि "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतील. बास. दहा मिनिटांत पहिला फॉरवर्ड आला, 'आपल्या संस्कृतीवर आक्रमण' वगैरे. मग दुसरा. मग कुणीतरी सर्वपित्री अमावस्या काढली. रात्री झोपताना पाहिलं तर १४० मेसेज, आणि त्यातले निम्मे एकाच गृहस्थांचे.

मी काही बोललो नाही. ग्रुपवर मी कधीच बोलत नाही, पाण्याचा टँकर आला का एवढंच विचारतो. पण डोक्यात भुंगा राहिला, तो आज या पानावर सोडतोय. वीकेंड आहे, चहा आहे, घ्या.

मी परभणीचा. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं आमच्या गावाबद्दल म्हणतात, म्हणू द्या. वसमत रोडच्या आतल्या बाजूची आमची गल्ली. १४ जानेवारीला (कधी १५ ला) दुपारी चारपासून आमची चुळबूळ सुरू व्हायची. नवा नाही तर निदान इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलची डबी, तिच्यात आईनं मोजून घातलेला तिळगूळ आणि खिशात घडी घातलेली कॅरीबॅग. डबी द्यायला, बॅग घ्यायला! आठ-दहा लेकरांची टोळी गल्लीच्या टोकापासून सुरू व्हायची आणि एकही दार सोडायची नाही. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचं, चार दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे, पाया पडायचं आणि हात पुढं करायचा.

प्रत्येक घराचा हिशोब आम्हाला पाठ होता. एका घरी काटेरी हलव्याचे मोजून चार दाणे. एका घरी अख्खा लाडू, पण तो इतका कडक की रात्री बत्त्यानं फोडावा लागे. कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले एक सर होते, ते तिळगूळ द्यायच्या आधी पाढा विचारायचे. एकोणतीसचा! त्यांच्याकडं रेवडी मिळायची म्हणून आम्ही संक्रांतीच्या आधी आठवडाभर एकोणतीसचा पाढा घोकायचो. (माझं इंजिनिअरिंगचं गणित सुधारण्याचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर त्या रेवडीला द्या.) गल्लीत एक चाची होत्या. त्यांच्या घरी तीळ वाटले जात नसत, पण पोरं येणार म्हणून त्या दुकानातून पाव किलो आणून ठेवायच्या, आणि त्यांची दोन पोरं आमच्याच टोळीत असायची. ईदेला आम्ही शीरखुर्म्याला त्यांच्याकडं. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन पुन्हा हेच चक्र.

आणि 'ट्रिक' म्हणाल तर तीही होती. तिळगुळाला दार न उघडणाऱ्याचा हिशोब होळीला चुकता व्हायचा. गोवऱ्या-लाकडं मागायला जायचो, दिली नाहीत तर रात्री गायब. एकदा एकाची मोडकी खाट गेली होती. ती अगदीच मोडकी नव्हती असं नंतर कळलं.

तर मुद्दा असा, की दारोदार फिरून गोड गोळा करणारी पोरं ही गोष्ट अमेरिकेनं शोधलेली नाही. अमेरिकेत ती गेली आयर्लंड-स्कॉटलंडहून. तिथं वेश करून दारात आलेल्या पोरानं आधी काहीतरी करून दाखवायचं, गाणं, नक्कल, काहीही, आणि मग खाऊ घ्यायचा. म्हणजे आमचा एकोणतीसचा पाढाच झाला की. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, १९४२ ते ४७, तेव्हा हे प्रकरण बरंच थंडावलं होतं आणि रेशनिंग उठल्यावर पुन्हा जोरात आलं. आपल्याकडं मात्र साखरही आहे, गूळही आहे, तीळही आहेत. पोरं नाहीत.

पोरं कुठं गेली? ग्रुपवरच्या गृहस्थांचं म्हणणं, हॅलोवीननं सण खाल्ले. साहेब, ३१ ऑक्टोबर आणि १४ जानेवारी यांच्यात अडीच महिन्यांचं अंतर आहे. एकानं दुसऱ्याची जागा घ्यायला जागा तर एक हवी? आणि परभणीत आमच्या गल्लीत आजही कुणी भोपळा कोरत नाही, भोपळ्याची भाजी करतात. तरी तिथंही तिळगुळाची टोळी बंद पडली आहे.

हे मला कळलं जानेवारी २०२५ मध्ये. त्याच्या आधीच्या महिन्यात, १० डिसेंबरला, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग बंद, जाळपोळ, अटका, कोठडीतला एक मृत्यू. गाव कसं बसं सावरत होतं. संक्रांतीच्या रात्री आईला फोन केला तर म्हणाली, "कुणी आलं नाही रे लेकरू." मी लगेच मनात निष्कर्ष काढून मोकळा. लोक घाबरले असणार, एकमेकांच्या दारात जात नसणार. तसं बोललोही. आई म्हणाली, "त्याचं काय त्यात? चार-पाच वर्षं झाली की येणं बंद होऊन. तुला आत्ता कळलं?"

आत्ता कळलं. म्हणजे मीही त्यातलाच.

दुसरं लाडकं कारण मोबाइल. हे मला पटत नाही. ज्या पोरांना मोबाइलमधून डोकं वर काढता येत नाही असं आपण म्हणतो, तीच पोरं ३१ ऑक्टोबरला चार विंगांचे जिने चढून-उतरून घामाघूम झालेली मी पाहिली. लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्यानं! पोरांना दारं वाजवायला आवडतं. कुठल्याही देशात, कुठल्याही साली आवडतं.

तिसरं कारण सुरक्षितता. इथं जरा थांबतो, कारण अमेरिकेत या भीतीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा हॅलोवीनच्या गोळीतलं सायनाइड पोटात जाऊन मेला. देश हादरला. निघालं काय, तर विष त्याच्या सख्ख्या बापानंच घातलं होतं, विम्याच्या पैशासाठी. रोनाल्ड ओब्रायन त्याचं नाव, १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. मग १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि ७ माणसं गेली. त्याचा हॅलोवीनशी काही संबंध नव्हता, पण त्या वर्षी काही गावांनी पोरांचं दारोदार फिरणंच बंद केलं. जोएल बेस्ट नावाचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत, ते १९५८ पासूनच्या असल्या बातम्या तपासत आलेत. अनोळखी माणसानं दारात आलेल्या पोराला विषारी खाऊ देऊन मारलं, असं एकही प्रकरण त्यांना सापडलेलं नाही. तरी भीती राहिलीच. आता तिथं बऱ्याच ठिकाणी 'ट्रंक ऑर ट्रीट' होतं. पार्किंगमध्ये गाड्या ओळीनं लावायच्या, डिक्क्या सजवायच्या आणि पोरांनी डिकीतून डिकीत चॉकलेटं गोळा करायची. घराचं दार कुठंच नाही. सगळं सेफ.

हसू येतं ना? मग आपल्या सोसायटीच्या 'संक्रांत सेलिब्रेशन'चं पोस्टर पुन्हा वाचा. क्लबहाउस, ७ ते ९, स्टॉलवर प्रत्येकी एक पाकीटबंद लाडू, कूपन आणणे आवश्यक. ती डिकीच आहे.

माझं मत विचाराल तर (विचारलं नाही तरी सांगणार, पान माझं आहे) पोरांनी येणं सोडलं नाही. आपण मोठ्यांनी दार काढून घेतलं. न कळवता वाजलेली बेल हा आपल्या पिढीला गुन्हा वाटायला लागलाय. मी स्वतः बेल वाजली की आधी आवाज म्यूट करतो आणि बघतो, डिलिव्हरी आहे का. नसेल तर चक्क गप्प बसतो. लहानपणी आमच्या घराचं दार सकाळी उघडायचं ते रात्री झोपताना लागायचं, मधे फक्त पडदा. आता आपल्या दाराचं फायरवॉलसारखं झालंय, मुळात सगळं ब्लॉक, ज्याची परवानगी आधी घेतली तेवढंच आत. जानेवारी २०२१ मध्ये, कोविडच्या संक्रांतीला, हे बरोबरही होतं. पण त्या वर्षी जी पोरं पाच-सहा वर्षांची होती, त्यांना कुणी डबी हातात देऊन गल्लीत सोडलंच नाही, आणि पुढच्या वर्षी दाखवायला मोठी पोरं उरली नाहीत. हे टोळीत शिकायचं असतं, यूट्यूबवर नाही. त्यात परभणीतसुद्धा आता पाच ते आठ क्लास. सातवीच्या पोराला फाउंडेशन! संक्रांत असली तरी टेस्ट सिरीज कुणासाठी थांबते?

बायकांचं हळदी-कुंकू बघा, ते टिकलंय, रथसप्तमीपर्यंत जोरात चालतं. कारण त्याला यजमान आहे, तारीख आहे, बोलावणं आहे, वाण आहे. पोरांच्या फेरीला असं कुणी मालक नव्हतं. ती नुसत्या गृहीत धरण्यावर चालायची, दार उघडंच असणार हे गृहीत. ते गृहीत गेलं आणि फेरी गेली. हॅलोवीनवाल्यांनी नेमकी इथं हुशारी केली. अमेरिकेत त्या रात्री ज्याच्या पुढच्या दाराचा दिवा चालू, त्याच्याकडं जायचं, बंद असेल तर पुढं व्हायचं. आमच्याकडं भोपळ्याचं स्टिकर. पोराला नकार नको, घरवाल्याला त्रास नको. सी विंगच्या त्या आईला मी मनापासून मानतो. तिनं २८० बंद दारांपैकी ६० दारं दोन तास उघडून दाखवली, आणि संस्कृतीवाल्यांनी एकही नाही. ज्या गृहस्थांनी ७० मेसेज केले, त्यांच्या दारावर संक्रांतीला "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी होती. नेहमीचीच आहे ती, पण होती.

फरक एकच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. भोपळ्याच्या बादलीत फक्त घ्यायचं असतं. डबीतून आधी द्यायचं असतं. चार दाणे का होईना, पण सहा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला काहीतरी देतं आणि वर त्यालाच सांगतं, गोड बोल. विचार करा, किती उद्धट आहे हे! :-)

आता माझ्याच बाजूची एक अडचण. वर मी लिहिलं, एकही दार सोडायचो नाही. ते खोटं आहे. आमच्या गल्लीमागं नाल्यापलीकडं एक वस्ती होती, तिकडं आम्ही कधीच गेलो नाही. 'जाऊ नका' असं कुणी म्हणाल्याचंही आठवत नाही, म्हणजे ते म्हणायच्याही पलीकडचं होतं. तिकडची पोरं मात्र आमच्या गल्लीत यायची. काही घरी त्यांना फाटकातच तिळगूळ मिळायचा, तोही वरून हातावर टाकलेला, आणि त्यांच्या डबीतला कुणी घ्यायचं नाही. मी बघितलंय. तेव्हा काही वाटलं नाही, माझं लक्ष रेवडीवर होतं. त्यामुळं 'आमच्या लहानपणी कसं सगळे एक' असलं गहिवरून लिहायची माझी लायकी नाही.

आणि आत्ताची? हॅलोवीनच्या शीटवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी'. आमचे वॉचमन मामा पालम तालुक्यातले, पंपरूमच्या मागच्या खोलीत बायको आणि दोन लेकरांसह राहतात. सोसायटीत वर्षाचे ३६५ दिवस ज्यांची रात्र जाते ते रहिवासी नाहीत. ३१ तारखेला ती दोन लेकरं पार्किंगमध्ये उभी राहून भुतांची मिरवणूक बघत होती. मोठ्या पोरीनं धाकट्याच्या चेहऱ्यावर कोळशानं मिशा काढल्या होत्या. बिनशीटचं भूत. मी ऑफिसातून आलो, बघितलं आणि लिफ्टनं वर गेलो. संस्कृतीवाल्यांच्या १४० मेसेजमध्ये या ओळीवर एकही आक्षेप नव्हता, हे मी स्क्रोल करून पाहिलंय. माझाही नव्हता.

परवाच्या संक्रांतीला मी घरूनच काम घेतलं (आमच्या ऑफिसात या सणाला सुट्टी नसते), अर्धा किलो तिळगूळ आणि रेवडी आणली, आणि दारावर कागद चिकटवला: 'तिळगूळ आहे. बेल वाजवा.' खाली जाऊन मामांना म्हटलं, लेकरांना पाठवा. ते कसनुसं हसून म्हणाले, "नको सर, लिफ्टचं लोक बोलतात." म्हटलं, बोलले तर माझं नाव सांगा.

सव्वासातपर्यंत कुणी नाही. मधे एकदा बेल वाजली, ती डिलिव्हरी. मग दोघं आले, सातव्या मजल्यापर्यंत जिन्यानं. पोरीच्या हातात चुन्याची रिकामी डबी, स्वच्छ धुतलेली. "काका, तिळगूळ घ्या, गोड बोला." (काका! २८ व्या वर्षी.) तिनं माझ्या हातावर चार दाणे ठेवले. मी रेवडीचा पुडा घेऊन उभा, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "एकोणतीसचा पाढा येतो का?"

"तेवीसपर्यंत येतो," ती म्हणाली. तिनं म्हटला. एकोणीस दाहेला अडखळली नाही, मी अडखळलो असतो.

पुढच्या ऑक्टोबरात शीट येईल तेव्हा ग्रुपवर माझा पहिला मेसेज तयार आहे. पंपरूमचा फ्लॅट नंबर काय लिहायचा, एवढंच विचारणार आहे.