दत्तक दिलं, मग फाईल कशाला दडवता?



परदेशात दत्तक गेलेला एखादा मुलगा मोठेपणी आईच्या शोधात महाराष्ट्रात आला की आपल्याकडं एक वाक्य ठरलेलं असतं. "तिकडं सगळं मिळालं की! आता हितं काय शोधतोयस?" माझा राग या वाक्यावर आहे.

अरुण डोहले यांचंच बघा. १९७३ साली पुण्यातून तान्हेपणी जर्मन आईवडिलांकडं गेले. तेव्हा परदेशी लोकांसाठी इथं दत्तक कायदाच नव्हता. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टातून पालकत्व घ्यायचं आणि बाळ घेऊन विमानात बसायचं. मोठेपणी त्यांनी पैसा मागितला नाही, इस्टेट मागितली नाही. स्वतःची फाईल मागितली. त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आई भेटली २०१० मध्ये.

एका फाईलसाठी एवढं?

"पण त्या बाईच्या अब्रूचं काय?" प्रश्न रास्त आहे. कुमारी माता असेल, आज तिचा संसार असेल. मग तिला गुपचूप विचारा ना! भेटायचं की नाही हे ती ठरवेल. कपाटाची किल्ली ज्याच्याकडं आहे, त्यानं तिच्या वतीनं ठरवायचं कारण नाही. आणि तिनं खरंच संमती दिली होती का, हेही फाईल उघडल्याशिवाय कसं कळणार? स्वित्झर्लंडमधल्या झुरिच आणि थुरगाऊ प्रांतांनी भारतातून आलेल्या मुलांच्या जुन्या फायली तपासून घेतल्या. तपासलेल्या एकाही फाईलमध्ये आईवडिलांच्या संमतीचा कागद सापडला नाही. त्यातली काही मुलं आपल्या महाराष्ट्रातली.

आपल्या हुपरीत चांदी किती आली, टंच किती, घट किती, सगळं वहीत ग्रॅमवर लिहिलेलं असतं. आणि लेकराच्या कागदावर 'आई अज्ञात'?

मूळ शोधणं म्हणजे कृतघ्नपणा, असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या कागलकडं बघावं. घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्यांचं कागल कुणी लपवलं का? उलट कागल आजही अभिमानानं सांगतं. राजाला जे चालतं, ते अनाथाश्रमातल्या पोराला का चालू नये?

आज १८ वर्षांवरच्या दत्तक मुलाला 'कारा'कडं, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडं, मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. पण तिसऱ्या माणसामार्फत शोध घ्यायला नियमानं मनाई आहे. मराठीचं अक्षर न येणाऱ्या माणसानं एकट्यानं काय करायचं? आणि २०२४-२५ मध्येही ३६० मुलं परदेशात दत्तक गेली. उद्या तीही विचारणारच.

म्हणून मागणी साधी आहे. जुन्या संस्थांच्या फायली सरकारनं ताब्यात घेऊन स्कॅन कराव्यात, वाळवी लागायच्या आत. अर्जदारानं लेखी अधिकार दिलेल्या माणसाला शोध घेता यावा. अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचं ते ठरवावं, उशीर झाला तर दंड असावा.

आणि आपण एवढंच करू. असा कुणी दारात आला तर "कशाला आलास" म्हणायचं नाही. आधी पाणी द्यायचं, मग पत्ता शोधायला मदत करायची.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर.