अंदाज यंत्राचा, हप्ता माझा

परवा सांगलीत एका व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलं. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता, निर्णय आणि बाजार. शेतकऱ्याचं दुखणं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं: त्याच्याकडे माहिती नसते, म्हणून तो चुकीच्या वेळी माल विकतो. आता यंत्र भावाचा अंदाज देईल आणि तो शहाणा होईल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझी हळद वाईजवळ पिकते आणि सांगलीत विकली जाते. चुकीच्या वेळी विकण्याचा माझा अनुभव पंचवीस वर्षांचा आहे, आणि त्यातली एकही पट्टी अज्ञानापोटी फाडलेली नाही.

हिशेब ऐका. हळद नऊ महिन्यांचं पीक. काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. माल यार्डात पोचेतो मार्च उजाडतो. आणि सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच बिनव्याजी. नवं-जुनं करायचं तरी आधी जुनं फेडावं लागतं, आणि रोकड हळदीत अडकलेली. तारीख सगळ्यांची एकच, म्हणून आवकही एकदमच, म्हणून भाव पडलेला. अशाच एका मार्चात मोबाईलवर एका ॲपचा संदेश आला: ‘भाव वाढण्याची शक्यता. थांबा.’ मी हमाली-तोलाई वजा जाता हाती आलेली पट्टी घेऊन तसाच सोसायटीत गेलो. जूनमध्ये भाव वाढला. यंत्र बरोबर निघालं! फक्त तोवर हळद दुसऱ्याच्या गोदामात होती.

थांबण्याचं मोल सांगलीनं यंत्राच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं कामातून गेली. पेवाला भविष्य कळत नव्हतं, पण त्याच्या मालकाला थांबता येत होतं. पूर्वी सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, भाव दोघांनाच कळायचा. आज तो साऱ्या जगाला मोबाईलवर दिसतो. तरी ज्याचं गोदाम त्याचाच भाव.

प्राध्यापक ज्या विद्येचा झेंडा मिरवत होते, तिच्या मूळपुरुषाचं, हर्बर्ट सायमनचं, नावही त्यांनी घेतलं नाही. कार्नेगीच्या व्यवस्थापन विद्यालयातला हा प्राध्यापक १९५६ च्या सुमाराला यंत्राकडून तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करून घेत होता. १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. माणूस सर्वोत्तम पर्याय निवडत नाही, वेळ, माहिती आणि बुद्धी पुरेल तितपत बरा पर्याय धरतो, हे त्याचं म्हणणं. यंत्रानं माहिती वाढेल, बुद्धीही वाढेल. वेळ कोण वाढवणार? आणि हो, दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असं १९५७ मध्ये याच सायमननं सांगितलं होतं. जगज्जेता कास्पारोव्ह संगणकापुढं हरला तो १९९७ मध्ये. अंदाज करणाऱ्यांच्या आजोबांची ही तऱ्हा.

आणि अंदाज सगळ्यांनीच ऐकला तर? साताऱ्याकडचं आलं पाहा. कोरेगाव भागात ते ५०० किलोच्या गाडीवर विकलं जातं. २०२३ मध्ये गाडीचा भाव कडाडला, ज्यानं कधी आलं लावलं नव्हतं त्यानंही बेणं धरलं, आणि पुढं भाव गडगडला. उद्या ॲपनं दहा हजार जणांना एकाच सकाळी ‘आलं लावा’ असं सांगितलं, तर काय होईल? जाहीर केलेला अंदाज लोकांचं वागणंच बदलतो, हा पेच सायमननं निवडणुकांच्या बाबतीत १९५४ मध्येच मांडला होता. लोकांची प्रतिक्रिया हिशेबात धरली तर असा अंदाज खरा ठरू शकतो, हेही त्यानं गणितानं दाखवलं. आमच्या ॲपवाल्यांना मात्र शेजारच्या रानात काय लावलंय, याचीही फिकीर नाही.

यंत्राशी माझं वैर नाही. बारामतीत उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे प्रयोग झाले त्यांचं कौतुक मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी केलं, ते योग्यच. पाणी किती द्यायचं, रोग कुठं पडलाय, हे यंत्रानं जरूर सांगावं. पण उसाला एफआरपी आहे, भावाचा तळ कायद्यानं बांधलेला आहे. हळदीला आणि आल्याला तो कुठाय? राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मात्र १९९० पासून आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. थांबायची ताकद देते ती ही गोष्ट, आणि तिच्यावर व्याख्यानं होत नाहीत.

व्याख्यानानंतर मी उठून विचारलं, “सर, ३१ मार्चचं काय?” ते हसले. म्हणाले, “काका, तो पॉलिसीचा भाग झाला.”

बरोबर. मग पॉलिसीवाल्यांनाच सांगतो. हळदीच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्चवरून सप्टेंबरअखेर न्या आणि तालुक्याला एक धड गोदाम बांधा. एवढं झालं की सरांचं ॲप मी रोख पैसे मोजून घेईन.