श्रुतपंचमी आणि कपाटातील सीडी

श्रुत लोप पावेल या चिंतेने धरसेन आचार्यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना ज्ञानदान केले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला. त्याचे स्मरण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला मंदिरातील ग्रंथ बाहेर काढून, धूळ झाडून, नव्या वेष्टनात बांधले जातात. त्याच दिवशी घरातील आणखी एक कप्पा उघडावयास हवा. चातुर्मासातील प्रवचने, पंचकल्याणक महोत्सवाचे चित्रण, आजोबांच्या आवाजातील भक्तामर स्तोत्र अशा कितीतरी गोष्टी जुन्या सीडींवर पडून असतात. एखादी सीडी चालली नाही, की ‘ओरखडे पडले, गेली’ म्हणून ती कचऱ्यात जाते.

पुष्कळदा ती गेलेली नसते. सीडी म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची तबकडी. माहिती असते ती वरच्या, नाव लिहावयाच्या बाजूला, पातळ लेपाखाली. खालच्या बाजूचा ओरखडा केवळ लेसर किरणाची वाट अडवितो. आतील अक्षर शाबूत असते. वरच्या बाजूचा खोल ओरखडा मात्र माहितीचा थरच खरवडून नेतो. तेवढा भाग परत मिळत नाही. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने तो वरून अधिक सुरक्षित असतो.

उपचार साधा आहे. तबकडी कोमट पाण्याने ओल्या केलेल्या मऊ सुती कापडाने, मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावी; गोल पुसू नये. माहिती चक्राकार रेषेत असते. तिला आडवा छेदणारा बारीक ओरखडा यंत्र स्वतः भरून काढू शकते, रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा त्यास झेपत नाही. पुसून वाळल्यावर दुसऱ्या संगणकावर, कमी वेगाने वाचून पाहावी. एकाला न जमलेले दुसऱ्या यंत्राला जमते. सुस्थितीतील भाग आधी उतरवून घेऊन अडलेल्या जागी पुनःपुन्हा प्रयत्न करणारी ‘डीडीरेस्क्यू’सारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. घासून चकाकी आणणे हा शेवटचा उपाय. तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. तडा गेलेली तबकडी यंत्रात घालू नये. वेगाने फिरताना तिचे तुकडे होतात.

हाती आलेले त्याच दिवशी दोन निराळ्या ठिकाणी साठवावे. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने, ओरखड्याविनाही, उतरत जाते.

मुनिश्री विहार करून पुढे जातात, आजोबांचा आवाज थांबतो. मागे उरलेल्या शब्दांचा सांभाळ हाही यत्नाचारच होय. येत्या श्रुतपंचमीला ग्रंथांच्या वेष्टनाबरोबर तो कप्पाही उघडला जावा.