काढा हवा, सावलीही हवी

चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात उन्हाळा दमट असतो आणि दीर्घकाळ रेंगाळतो. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ‘ल्यांगछा’, म्हणजे ‘शीतल चहा’, प्यायला जातो. नाव चहाचे असले तरी त्यात बहुधा चहाची पत्ती नसते. शेवंतीची फुले, ज्येष्ठमध आणि कडवट औषधी वनस्पती यांचा तो काढा असतो. पुष्कळदा तो गरमच पितात. शीतलता तापमानाची नव्हे, गुणाची! घरोघरी उष्ण-शीत पदार्थांचा विवेक पाळणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही.

१८२८ साली ग्वांगझोउ येथे सुरू झालेला ‘वांग लाओजी’ हा काढा आज डबाबंद पेय होऊन देशभर विकला जातो. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००२ साली अन्न आणि औषध अशा दोन्ही प्रकारे वापरता येणाऱ्या ८७ पदार्थांची यादी प्रसिद्ध केली. २००६ साली ल्यांगछाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञानाला नियम, उद्योग आणि प्रतिष्ठा यांची जोड कशी द्यावी, याचा हा वस्तुपाठच होय.

परंतु परंपरेचा गौरव म्हणजे परीक्षेतून सूट नव्हे. घामावाटे पाणी जाते, तसेच मीठही जाते. कडू काढा पाणी देईल. मिठाची उणीव तो भरून काढेलच असे नाही. डबाबंद पेयात साखर भरपूर असते. ज्येष्ठमधाचा अतिरेक रक्तदाब वाढवतो आणि शरीरातील पोटॅशियम घटवतो. म्हणूनच उष्माघात टाळण्यासाठी नवे काढे तयार करताना प्रमाण, परिणाम आणि अपाय या तिन्ही गोष्टी तपासल्या गेल्या पाहिजेत.

याबाबत चीनचाच २०१२ सालचा नियम उद्बोधक आहे. तापमान ४० अंशांवर गेले की त्या दिवशी उघड्यावरील काम बंद ठेवायचे. मालकाने कामगारांना उष्म्यापासून रक्षण करणारी पेये पुरवायची आणि त्यांच्याऐवजी पैसे देऊन मोकळे व्हायचे नाही. पेय आणि विश्रांती, दोन्हींची हमी एकाच नियमात आहे.

आपल्याकडे मीठ घातलेले ताक आणि कैरीचे पन्हे यांची परंपरा आहेच. तिचाही असाच डोळस अभ्यास व्हावा. मात्र रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या मजुराच्या हाती पन्ह्याचा पेला देऊन त्याला भर दुपारी राबवत ठेवणे हा परंपरेचा सन्मान नव्हे. त्याला सावलीत बसू देणे, हा त्या पेल्याइतकाच आवश्यक धर्म आहे.