निडीच्या तरुणाच्या हाती ओळंबा का नको?

दिवा-रोहा गाडी नागोठणे सोडल्यावर निडीच्या छोट्याशा स्थानकावर क्षणभर विसावते. 1986 साली लोहमार्ग रोह्याला पोहोचला आणि 1998 मध्ये तेथून पुढची कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता त्याच वाटेने महानगर येऊ घातले आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावांच्या परिसरात नवे नगर वसविण्याचे कामही शासनाने महानगर प्राधिकरणाकडे सोपविले आहे. या पट्ट्यात पुढे दीर्घकाळ बांधकामे चालणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ती करणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

आज कोणत्याही मोठ्या कामावर जाऊन पाहावे. सेंट्रिंग, लोखंडबांधणी, फरशी ही कुशल कामे बहुतांशी बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल वा ओडिशाचे कारागीर करताना दिसतात. ते आपलेच देशबांधव आहेत आणि घाम गाळून कमावतात. त्यांच्याविरुद्ध ओरड करणे हा करंटेपणा होय. स्थानिक तरुण मात्र जमीन विकून डंपर घेतो, खडी-मातीच्या ठेक्यासाठी पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवतो आणि हप्ते थकले की त्याच आवारात पहारेकरी होतो. ज्या पेणच्या बोटांनी शाडूतून गणराय घडवून देशोदेशी पाठविले, त्या तालुक्यात हातांना वळण नाही असे कोण म्हणेल?

उणीव आहे ती प्रतिष्ठेची. बारावी झालेल्या मुलाने गवंडी व्हावे, हे मध्यमवर्गीय घरांना (आपल्याही!) खपत नाही. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो, तो उगाच नव्हे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत गवंडी, सुतार, लोहार आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. वीजतंत्री, नळकारागीर, आरेखक यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेतच. ठेकेदाराचा हक्काचा माणूस व्हायचे तर मोजमाप आणि नकाशा वाचता आला पाहिजे. ते डंपरच्या चाकामागे बसून येत नाही.

कातकरी बांधवांची गोष्ट वेगळी. श्रमाची लाज त्यांना कधीच नव्हती. पावसाळा सरताच उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते, मुलांची शाळा सुटते, आणि हिशेब मालकाच्या वहीत राहतो. त्यांना गावाजवळच्या बांधकामावर रोखीने, नोंदणीसह काम मिळाले तर उचलीचा फास सैल होईल. बांधकाम खर्चावरील उपकरातून कामगारांच्या कल्याणाची तरतूद 1996 च्या कायद्याने केली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. नोंदणीसाठी वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामाचे काम केलेले असावे लागते. अनेकांची गाडी येथेच अडते: काम झालेले असते, पुरावा नसतो.

2008 साली पेण तालुक्यातील 22 गावांनी सेझविषयी जनमत नोंदवून जमिनीबाबत आपला आवाज दाखवून दिला होता. नव्या नगराच्या करारांत स्थानिकांच्या प्रशिक्षणाची अट घालून घेण्यासाठी तोच आग्रह ग्रामसभांनी धरावा. आणि पेण-रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात एकेक वाडी वाटून घ्यावी, प्रत्येक मजुराच्या हाती एक हजेरी-वही द्यावी आणि ती भरली जाते की नाही, हे दर आठवड्याला जाऊन पाहावे.