आधी सुई, मग सुरी

छाती वाढलेल्या पुरुषाला घाई का असते, हे मला कुणी समजावू नये. बारा वर्षं मी बनियनवर बनियन घातलंय, पोहायला जायचं टाळलंय, पावसात भिजलो की ऑफिसची बॅग पोटाशी धरून चाललोय. तेव्हा ही घाई करणाऱ्यांची टिंगल नव्हे. माझा राग आहे तो त्या घाईवर दुकान थाटणाऱ्यांवर.

माझं प्रकरण असं. तेविसाव्या वर्षी गालगुंड झाले, वृषणांना सूज आली आणि पुढे टेस्टोस्टेरॉन घसरत गेलं. सात महिन्यांपूर्वी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त दिलं, दोन्ही वेळा पातळी कमी. इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं. (सकाळीच का, तर ही पातळी सकाळी सर्वांत जास्त असते. दुपारच्या एकाच रिपोर्टवर सुई टोचणारे महाभागही आहेत, पण तो वेगळा विषय.) त्याच आठवड्यात छातीच्या ऑपरेशनची चौकशी करायला एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, शनिवारी स्लॉट आहे. आधी ऑपरेशन उरकून घ्या, हार्मोनचं नंतर बघता येईल."

उरकून घ्या! जसं काही बारसंच आहे.

अहो, बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात बदलतं. हे काम करणारं अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर चरबीत भरपूर असतं, म्हणजे पोट सुटलेल्या माणसात हा कारखाना जोरात. स्तनाची ग्रंथी या दोन संप्रेरकांच्या तोलावर वाढते. इंजेक्शनं सुरू झाल्यावर छाती उतरेल, तशीच राहील की उलट वाढेल, हे आधी कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही (शब्दाबद्दल क्षमस्व).

त्यात सर्जन सगळी ग्रंथी काढत नाही. स्तनाग्राखाली थोडी मुद्दाम ठेवतो, नाहीतर तिथे बशीसारखा खड्डा पडतो. तोल डळमळीत असताना सुरी चालवली आणि ही उरलेली ग्रंथी फुगली, तर दुसरं ऑपरेशन जुन्या व्रणातून. पैसे पुन्हा, दुखणं पुन्हा, आणि बनियनवर बनियन पुन्हा.

म्हणून थांबायचं. किती? माझं इंजेक्शन १००० मिलिग्रॅमचं. पहिल्या दोन्हींत सहा आठवड्यांचं अंतर, मग दर १० ते १४ आठवड्यांनी एक. करा हिशेब. पातळी बसायलाच काही महिने जातात, आणि त्यानंतर छाती बदलायची थांबली की नाही तेही बघावं लागतं.

"मग मध्ये इंजेक्शन बंद करून ऑपरेशन करू" असं सुचवणारेही भेटतात. महिनोन्‌महिने अंगात राहणारं औषध म्हणजे काय नळ आहे बंद करायला? आणि पुन्हा सुरू केलं की तोल पुन्हा हलणार. रक्त दाट होऊन हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेला, तर थांबवायला खरं कारण आहे. नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या सुईची तारीख सांगा आणि निर्णय हार्मोनच्या डॉक्टरांवर सोडा.

वर्षाहून जुनी ग्रंथी घट्ट, तंतुमय होते, ती औषधाने सहसा जात नाही, हे मान्य. मलाही ऑपरेशन बहुधा लागणारच. वाद ऑपरेशनशी नाही, क्रमाशी आहे. फक्त एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर थांबू नका आणि सुईही घेऊ नका, आधी तपासणी. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो.

जिममधल्या पोरांचं तर विचारूच नका. गरज नसताना सुई, छाती वाढली की सुरी, टाके निघाले की पुन्हा सुई.

असो. माझी तीन इंजेक्शनं झाली. दुसऱ्या एका सर्जनकडे गेलो, तर त्यांनी आधी इंजेक्शनांच्या तारखा लिहून घेतल्या आणि चार महिन्यांनी यायला सांगितलं. त्या क्लिनिकचे मात्र अजून मेसेज येतात, ऑफर फक्त या महिन्यापुरती. सात महिने झाले, त्यांचा महिना काही संपत नाही.